कापसाच्या बाया

आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका द्वारकाबाईंच्या घरात आढ्याला टांगलेल्या आहेत, आणि त्यांतली एक मी आहे.

घाबरू नका. जळगाव जामोदला नवीन आलेला माणूस मात्र घाबरतो. मागे दारोदार मिक्सर विकणारा एक जण भर दुपारी त्यांच्या खिडकीतून आत डोकावला. आत बिनडोक्याच्या, बिनहाताच्या बाया ओळीने लटकलेल्या आणि पंख्याच्या वाऱ्यावर हळूहळू गोल फिरतायत, हे पाहून तो मिक्सर ओट्यावरच टाकून पळाला. द्वारकाबाईंनी मिक्सर सांभाळून ठेवला. संध्याकाळी तो भीत भीत न्यायला आला, तेव्हा त्याला चहा पाजला आणि वर सांगितलं, "भाऊ, तुह्या शर्टाचा मुंढा काखेत काचून राह्यला. म्हणून तू असा आखडून चालतं." पुढच्या खेपेला तो स्वतःच्या बायकोला घेऊन आला. आता तीही टांगलेली आहे.

द्वारकाबाई लेडीज टेलर. आमची आणि त्यांची भिंत एकच. बाकीचे शिंपी माप लिहून ठेवतात, या बाहुल्या ठेवतात. नवीन गिऱ्हाईक आलं की तिच्या अंगावर मांजरपाटाची घट्ट चोळी टाचण्यांनी बसवायची, खडूने खुणा करायच्या, मग ती उतरवून शिवायची आणि तिच्यात पिंजलेला कापूस लाटण्याने ठासून भरायचा. कपाशीचा मुलूख आमचा, कापसाला तोटा नाही. गळ्यापासून कमरेपर्यंतची बाई तयार झाली की तिला दोरीने आढ्याला टांगायचं आणि तिच्यावर ब्लाउज बेतायचा. आपल्याला ट्रायलला जावं लागत नाही, आपल्या वतीने आपली बाहुली जाते. डोकं का करत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "डोक्याले ब्लाउज लागते काय वं?" म्हणाल्या, आणि थोडा विचार करून पुढे म्हणाल्या की डोकं नाही म्हणूनच या गुणाच्या आहेत.

बाई बदलली की बाहुलीही बदलते, हा त्या घरचा कायदा. दिवाळीचा फराळ अंगी लागला की पाठीमागची शिवण उसवून मूठभर कापूस आत. टायफॉइड झाला की मूठभर बाहेर. द्वारकाबाई माप घ्यायला येतच नाहीत. आपण रस्त्याने जाताना त्या ओट्यावरून नुसतं पाहतात, आणि घरात जाऊन आपल्याला वाढवतात किंवा कमी करतात. मी पोस्टात काउंटरवर बसते, दिवसभर बसूनच असते, त्यामुळे माझ्यात कापूस जातच असतो. बाहेर आल्याचं मला तरी आठवत नाही.

यातून भानगडीही होतात. कोणाच्या बाहुलीत पोटाकडे कापूस गेला, हे पाहायला सासवा काहीतरी निमित्त काढून येऊ लागल्या. घरच्यांना कळायच्या आत गल्लीला कळायला लागलं. तेव्हापासून द्वारकाबाईंनी मधोमध एक जुनं पातळ पडद्यासारखं लावलंय आणि त्याच्या आत सासवांना मज्जाव आहे.

आणि एखादी बाई वारली की तिची बाहुली मोकळी करतात. तेराव्याच्या आत तिचा कापूस काढून त्याची उशी भरतात आणि तिच्या घरी नेऊन देतात. पैसे घेत नाहीत. आमच्या घरी सासूबाईंच्या थोरल्या जावेची उशी आली आहे. सासूबाई रोज तिच्यावर झोपतात आणि रोज सकाळी मान दुखते म्हणतात. दुसरी उशी देते म्हटलं तर ती नको असते. "जिती होती तवाबी दुखवलीच तिनं," म्हणतात आणि पुन्हा तीच उशी ओढून घेतात.

द्वारकाबाईंचा आवडता शब्द म्हणजे घाट. दिवसातून किती वेळा तो त्यांच्या तोंडून येतो याला गणती नाही. आकार वेगळा आणि घाट वेगळा, असं त्यांचं म्हणणं. मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांच्या एका हातात भाकर होती. "आकार भाकरीले असते. घाट गवरीवर भाजलेल्या गोल रोडग्याले असते. माणूस काय भाकर हाय काय?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. "मंग? बाकीचे टेलर भाकरीसाठी शिवतात. पुढून पाह्यलं, झालं. बाईले कूस असते, पाठ असते, खांद्याचा उतार असते. बाई चारी कडून असते." असं बोलून त्यांनी भाकर मोडली आणि आमच्या घरून आलेल्या वांग्याच्या भाजीला लावली. मला वाटतं त्या दिवसापासून मी आरशात आधी बाजूने पाहायला लागले.

प्रत्येक बाईचा घाट त्यांनी ठरवून टाकलेला आहे आणि तो त्या तोंडावर सांगतात. गडू, घागर, तपेलं, सुरई. मास्तरीणबाई म्हणजे तपेलं. समोरची किराणावाली म्हणजे घागर, तीही काठोकाठ. मी म्हणजे डबा. "सरळ वरून खाली. पण डब्यासारखं सोयीचं भांडं नाही, शीला," अशी वर समजूत. चारचौघींत हे ऐकल्यावर मी आठ दिवस त्यांच्याकडे गेले नाही. नवव्या दिवशी नणंदेकडे बारसं होतं, ब्लाउज शिवायचा होता, निमूट गेले. त्यांनी शिवलेला ब्लाउज घालून त्या बारशात मी जशी वावरले तशी माझ्या लग्नातही वावरले नव्हते. डबा होते, पण चांदीचा.

नव्या पोरी मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. कोणत्या तरी नटीचा, पाठीवर नुसत्या दोऱ्या असलेला. द्वारकाबाई तो मोबाइल हातात घेतात, चष्मा वर करतात, पुढून पाहतात आणि मग मोबाइल उलटा करून मागून पाहतात. मागे मोबाइलचं कव्हर असतं. मग कडेने पाहतात. पोरी हसून हसून लोळतात, पण द्वारकाबाई थट्टा करत नसतात. त्यांना खरंच बाजू पाहिजे असते. "इथं नुसता आकार हाय. घाट कुठं हाय इचा?" म्हणून मोबाइल परत करतात. आणि तरी तोच ब्लाउज त्या शिवून देतात, बाजू स्वतःच्या मनाने घालून, आणि तो फोटोतल्यापेक्षा चांगला बसतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

या बाईला ही नजर कुठून आली, मला कळलेलं नाही. शिवणाच्या क्लासला गेल्या नाहीत. त्यांचा क्लास म्हणजे आठवडी बाजार. त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला जाणं ही शिक्षा आहे. वांगं हातात घेऊन फिरवत राहतात, कीड आहे की नाही पाहत नाहीत, देठाशी ते कसं वळलंय ते पाहतात. भाजीवाला वैतागून म्हणतो, मावशी घ्यायचं असंन तर घ्या. एका वर्षी त्या लसणाचा एक गड्डा घेऊन आल्या आणि आठवडाभर तो शिवणयंत्रावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसल्या. वर देठाशी आवळलेला, खाली पाकळ्या पाकळ्यांनी फुगलेला, पुन्हा बुडाशी आवळलेला. त्यातून त्यांनी एक बाही काढली. त्या वर्षी जळगावात, संग्रामपुरात, पार वरवट बकालपर्यंत लग्नांत पोरी लसूणबाही घालून हिंडत होत्या. कोणी म्हणायचं ही मुंबईची फॅशन आहे. द्वारकाबाईंनी तो लसूण मग चटणीत घातला.

बचतगटाच्या बायकांची सहल लोणारला गेली होती तेव्हा तर कमाल झाली. एसटीने पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आम्ही पोचलो, सगळ्या दमलेल्या. कोणी देवळं पाहायला गेलं, कोणी खाली पाण्यापर्यंत उतरलं, बाकीच्यांनी डबे सोडले. द्वारकाबाई मात्र विवराच्या काठावर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "केवढा गळा कापला हाय वं. आन कापणाऱ्यानं मधात हात नाही उचलला." उल्केबिल्केचं मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगायला लागले, पण त्यांचं बोट हवेत त्या काठावरून फिरत होतं, एकदा, दोनदा. परत आल्यावर त्यांनी माझ्या जांभळ्या ब्लाउजचा मागचा गळा खडू न लावता, मधे कुठे कात्री न उचलता एका दमात कापला. मी शेजारी श्वास रोखून उभी होते. तो ब्लाउज विरला, पण टाकवत नाही.

त्यांना आपली किंमत माहीत नाही असं मुळीच समजू नका. "मी हाय म्हणून हा तालुका सरळ चालते," असं त्या खुशाल सांगतात. दुसऱ्या टेलरने शिवलेलं पाहिलं की त्यांचं डोकं दुखतं, म्हणून त्या कोणाच्या लग्नाला जात नाहीत. अहेर पाठवतात आणि घरी बसतात. मी त्यांना मंडपात कधी पाहिलं नव्हतं.

यजमान त्यांचे लग्नानंतर लवकरच वारले. मूलबाळ नाही. भाचे आहेत, ते अकोल्याला, दिवाळीला फोन करतात. पण त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाज दिवसभर येत असतो, कारण त्या बाहुल्यांशी बोलतात. उन्हाळ्यात त्यांना गच्चीवर ऊन दाखवायला नेतात तेव्हा एकेकीला नावाने हाक मारून नेतात. जेवताना आज भाजीत मीठ जास्त झालं हे कोणाला तरी सांगत असतात. एकदा भिंतीपलीकडून माझं नाव ऐकू आलं म्हणून मी कान लावला. "शीले, लय वर्साची शेजारीण तू, आन काल पाव्हणे आले तं मले हाकबी नाही मारली," असं त्या माझ्या बाहुलीला सुनावत होत्या. मला प्रत्यक्ष काहीही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी गुपचूप पुरणपोळी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी बाहुलीशी पुन्हा गोडीत बोलणं सुरू.

या सगळ्या बाहुल्यांत दारातच, पडद्याच्या अलीकडे, एक असायची. ती माझ्या ताईची, सुजाताची. ताई वरवट बकालला दिलेली, तिथे अंगणवाडीत काम करते. तिचा घाट सुरईचा, आणि असा घाट तालुक्यात दुसरा नाही, असं द्वारकाबाई येईल त्याला सांगायच्या. नवीन तऱ्हेचा ब्लाउज शिवला की आधी तिच्या बाहुलीवर चढवून दारात दाखवायला ठेवायच्या. ताई आली की म्हणायची, मावशी, मी तुमची दुकानातली पाटी झाली. आणि मोठ्याने हसायची. ताईचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

दोन वर्षांपूर्वी ताईला छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढावी लागली. पुढचे उपचार, केस जाणं, केस येणं, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, आता बरी आहे. तब्येतीने ती बरी झाली, पण तिने ब्लाउज शिवणं सोडून दिलं. भाऊजींचे ढगळ स्वेटर, मोठाल्या कुर्त्या, त्यावर ओढणी, आणि एक हात कायम ओढणीवर. जळगावला आली तरी द्वारकाबाईंच्या दारावरून जायची नाही, मागच्या बोळातून माझ्याकडे यायची.

आणि प्रज्ञाचं लग्न ठरलं. प्रज्ञा म्हणजे ताईची एकुलती एक. आमच्यात लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, फुलं वाहायची, वंदना घ्यायची, आणि त्या वेळी मुलीचे आईबाप पुढे उभे असतात. प्रज्ञाने हट्ट धरला की आईनेही पांढरीच साडी नेसायची आणि मेणबत्ती आईनेच लावायची. ताईने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, मी मागे खुर्चीवर बसीन, पुढे तुझे भाऊजी आणि तू उभे राहा. पोटच्या पोरीच्या लग्नात आईने मागे बसायचं. मला रात्रभर झोप आली नाही, आणि सकाळी उठून मी द्वारकाबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकलं. पांढरं म्हटल्यावर कपाळाला आठ्या घातल्या. फुलाफुलाचं कापड म्हणजे गर्दी, त्यात काहीही लपतं, असं त्यांचं मत. पांढऱ्यावर मात्र प्रत्येक चुणीची सावली पडते. तरी त्या म्हणाल्या, शिवीन. मी म्हटलं, पण ताई माप द्यायला येणार नाही, डॉक्टरांनंतर आता कोणापुढे उघडी होणार नाही म्हणते. "येऊ नोको म्हणा. तिची बाहुली हाय माह्यापाशी," त्या म्हणाल्या, आणि मी निर्धास्त झाले. जी बाई फराळाचे दोन लाडू रस्त्यावरून ओळखते, तिच्या हातून काय चुकणार?

ब्लाउज घेऊन मी वरवटला गेले. आतून अस्तराला कप्पा, कप्प्यात कापसाची गादी, सुबक काम. खोलीचं दार लावून ताईने घातला. सरळ उभी होती तोवर ठीक वाटत होतं. मग तिने मेणबत्ती लावायला वाकावं तशी वाकून पाहिलं, हात जोडून पाहिले. काखेजवळ जिथलं मांस गेलं होतं तिथे कापड पोकळ पडलं आणि गादी सरकून गळ्याकडे आली. पांढऱ्यावर ते सगळं दिसत होतं. ताई रडली नाही. तिने ब्लाउज काढून नीट घडी केली, माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मावशीले सांग, लय छान शिवला. मी मागंच बसीन." मला तिच्या रडण्यापेक्षा त्या घडीची भीती वाटली.

जळगावला आले ती तडक द्वारकाबाईंच्या घरात घुसले. त्यांनी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ब्लाउज ओढून घेतला, कप्प्यातली गादी काढून बाजूला ठेवली आणि तो ताईच्या बाहुलीवर चढवला. हुक लावले. एक चुणी नाही, एक सावली नाही. असा ब्लाउज मी जन्मात पाहिला नसेल. "कापूस हलका पडला असंन गादीत," द्वारकाबाई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. मी बाहुलीकडे पाहत होते. दोन्ही बाजू भरलेल्या, भरदार, जशा पूर्वी होत्या तशा. ब्लाउज दोन वर्षांपूर्वीच्या ताईला बसत होता.

मी विचारलं, मावशी, हिची बाहुली बदललीच नाही का? त्या म्हणाल्या, राहून गेलं. आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहात साखर नव्हती. त्या समोर बसून तो तसाच प्यायल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मी ताईला फोनवर एवढंच सांगितलं की चूक गादीची नाही, बाहुलीची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती उतरली आणि बोळातून न येता थेट द्वारकाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. मला आवाज आला म्हणून मी धावत गेले.

दारात तिची बाहुली लटकत होती आणि ताई तिच्यासमोर उभी होती. तिने हात लावून बाहुली स्वतःकडे वळवली. खांदे पाहिले, पाठ पाहिली. मग डाव्या बाजूवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. द्वारकाबाई यंत्रामागे बसल्या होत्या, सुईत दोरा ओवत होत्या आणि तो जात नव्हता.

"मावशी, इले काऊन नाही उसवलं?" ताईने विचारलं. "तुम्ही तं मेलेल्या बाईलेबी उसवता."

द्वारकाबाईंनी सुई खाली ठेवली.

"हात नाही झाला वं माहा," त्या म्हणाल्या. "चारदा ब्लेड घेतलं. बाहेर तुले जे झालं ते झालं, मले काय करता येते त्याले. पण माह्या घरात तू धडधाकट होती. एका जागी तरी राहू दे म्हटलं."

मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले. मला रडू आवरत नव्हतं आणि त्या दोघींसमोर रडायचा मला काही हक्क आहे असं वाटत नव्हतं.

ताईने यंत्रावरचं ब्लेड उचललं. बाहुली दोरीवरून उतरवून मांडीवर घेतली, पाठीकडून शिवण धरली आणि एकेक टाका कापायला लागली. द्वारकाबाई उठून तिच्याजवळ खाली बसल्या. हळू, मांजरपाट फाटंन, एवढंच म्हणाल्या. शिवण मोकळी झाल्यावर ताईने आत हात घातला आणि डाव्या बाजूचा कापूस बाहेर काढला. वर्षानुवर्षं दाबून बसलेला, पिवळसर पडलेला. तो तिने हातात धरून पाहिला.

"एवढाच होता?" ती म्हणाली. "मले वाटे, किती गेलं माहं."

आणि ती हसली. पहिल्यासारखं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं नाही, पण समोरच्या किराणावालीने मान वर केली. मग तिनेच दाराला कडी लावली, कुर्ती काढली आणि द्वारकाबाईंसमोर उभी राहिली. द्वारकाबाईंनी तिला चारी कडून पाहिलं, वण, काख, खांदा. जसं कोणत्याही गिऱ्हाइकाला पाहतात तसं, डोळे न चोरता. हातात टाचण्या होत्या. "खांदा थोडा खाली आला हाय इकडचा. बाकी घाट हाय तुले, कुठं गेला नाही," त्या म्हणाल्या, आणि मांजरपाट बसवायला लागल्या.

नुसता कापूस हलका पडतो, म्हणून वर सरकतो, हे त्यांनी आता पकडलं. गादीला वजन पाहिजे. आधी त्यांनी ज्वारी भरून पाहिली, ती टोचली. मग मोहरी, ती एका कोपऱ्यात गोळा झाली. शेवटी जवस सापडलं, गुळगुळीत आणि थंड, हललं तरी पुन्हा जागेवर येणारं. खात्री करायला त्यांनी ती पिशवी स्वतःच्याच ब्लाउजच्या आत टाचली आणि बाजारभर हिंडल्या. वाकून कांदे निवडले, हात वर करून फळीवरचं मडकं काढलं, सुटणाऱ्या एसटीमागे काही कारण नसताना धावल्या. कंडक्टरने गाडी थांबवली तर म्हणाल्या, जा बाप्पा, मले कुठंच जायचं नाही. मग घरी येऊन सांगितलं की सरकली नाही. त्या जवसाभोवती त्यांनी ताईच्या बाहुलीतून निघालेला तो पिवळसर कापूस लावला आणि नव्या ब्लाउजच्या कप्प्यात शिवून टाकला.

लग्नात ताई पुढे उभी होती. पांढरी साडी, पांढरा ब्लाउज, पदर जसा खांद्यावर घ्यायचा तसा घेतलेला, ओढणीवर धरायचा तो हात मोकळा. तिने वाकून मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, हात जोडले, प्रज्ञाकडे पाहिलं. मी फक्त तिची डावी काख पाहत होते. एक चुणी पडली नाही. आजूबाजूला मुलाकडच्या कितीतरी बायका होत्या. त्या नवरीकडे पाहत होत्या, जेवणाची पंगत कधी बसते ते पाहत होत्या, ताईकडे कोणी वळून पाहिलं नाही. मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

द्वारकाबाई लग्नाला आल्या होत्या. मंडपभर दुसऱ्या टेलरांनी शिवलेलं असूनही आल्या होत्या. ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून, डोकं दुखेल म्हणून पिशवीत बाम घेऊन. लग्न लागल्यावर ताईभोवती पाहुण्यांची गर्दी झाली, तेव्हा त्या वाट काढत तिच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं काहीतरी उसवलं, म्हणून मी घाईने गेले. ताई पाहुण्यांशी बोलत होती, आणि द्वारकाबाई मागून तिच्या खांद्यावरची शिवण बोटाने सारखी करत होत्या. मी वाकून पाहिलं. शिवण सारखीच होती. मी तसं म्हटलंही. त्या हो म्हणाल्या, आणि हात तिथंच ठेवला.